द्र्वेनग्राद, मोक्रा गोरा (सर्बिया): दिग्दर्शकाच्या गावातला मुक्काम

पाचपैकी साडेतीन तारे. त्यातला अर्धा नवऱ्याच्या आग्रहाखातर, आणि तो सगळाच्या सगळा आगगाडीचा आहे. तिच्याबद्दल पुढे येईलच. उरलेले तीन माझे. नुसती खोली, नाश्ता आणि पोहण्याचा तलाव मोजणाऱ्यांनी जवळच्या झ्लातिबोरच्या एखाद्या साध्या हॉटेलात जावं, सुखी होतील. द्र्वेनग्राद हे एका माणसाने लाकडात बांधलेलं आत्मचरित्र आहे आणि त्यातल्या खोल्या भाड्याने मिळतात. तो माणूस तुम्हाला माहीत असेल, निदान त्याचे तीन-चार चित्रपट पाहिलेले असतील, तर इथल्या प्रत्येक पाटीला अर्थ आहे. नसतील तर फोटो छान येतात, एवढंच.

माणूस म्हणजे एमीर कुस्तुरित्सा. फिल्म सोसायटीच्या खुर्च्या झिजवलेल्यांना वेगळं सांगायला नको. इतरांसाठी: जन्म २४ नोव्हेंबर १९५४, सारायेवो. तेव्हा ते युगोस्लाव्हियात होतं, आज बोस्नियाची राजधानी आहे. घराणं मुस्लिम वारशाचं, वडील मुरात पक्के कम्युनिस्ट आणि सरकारच्या माहिती खात्यात. सिनेमाचं शिक्षण प्रागच्या ‘फामू’त. पहिल्याच मोठ्या चित्रपटाला, ‘डॉली बेल आठवते का?’ला, १९८१मध्ये व्हेनिसला पदार्पणाचा सुवर्णसिंह मिळाला. फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार, म्हणजे ‘पाम द’ऑर’, दोनदा: १९८५ आणि १९९५. जगात हा मान मोजक्या दिग्दर्शकांच्या वाट्याला आलाय. शिवाय ‘नो स्मोकिंग ऑर्केस्ट्रा’मध्ये गिटार वाजवतो, अधूनमधून इतरांच्या चित्रपटात काम करतो, आत्मचरित्र, कथा, कादंबरी लिहितो. आणि गावं बांधतो. अनेकवचन मुद्दाम वापरलंय, कारण दुसरं गाव सीमेपलीकडे आहे.

जायचं कसं? बेलग्रेडहून नैर्ऋत्येला साधारण दोनशे किलोमीटर, गाडीने चार तास धरा. उझित्से मागे पडलं की घाट लागतो. वाटेत क्रेम्ना नावाचं खेडं येतं. एकोणिसाव्या शतकात तिथल्या ताराबिच आडनावाच्या काका-पुतण्यांनी म्हणे सर्बियाचं सगळं भविष्य सांगून ठेवलंय. आमच्या ड्रायव्हरने त्यांच्या दोन भाकितांची हकिगत इतक्या गंभीर चेहऱ्याने सांगितली की शार्गानचा चढ कधी संपला ते कळलं नाही. खाली उतरलं की मोक्रा गोराची दरी आणि समोरच्या मेचावनिक टेकडीवर उभ्या उतरत्या छपरांचा पुंजका दिसतो. तेच द्र्वेनग्राद.

एक कळकळीची सूचना. बेलग्रेडच्या एका टूरवाल्याने आधी आम्हाला एका दिवसात जाऊन-येऊन करायची सहल विकायचा चंग बांधला होता. आठ तास बसमध्ये आणि गावात दीड तास. असल्या सहलींच्या बस दुपारी येतात, तेव्हा चौकात पाय ठेवायला जागा नसते. रात्री राहिलात तर संध्याकाळ आणि सकाळ तुमची. दिवसापुरतं येणाऱ्यांना फाटकावर तिकीट काढावं लागतं. गाव बघायला तिकीट, हे पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटतं, पण मग लक्षात येतं की या गावात गावकरी नाहीतच. वेटर, माळी, स्वागतकक्षातली मुलगी ही सगळी मंडळी नोकरीला येतात. मूळ वस्ती एकाचीच, मालकाची. त्याचं घर इथेच आहे.

हे सगळं सुरू झालं ‘आयुष्य एक चमत्कार’ या २००४च्या चित्रपटामुळे. १९९२ साली बेलग्रेडचा एक इंजिनिअर, लुका, बायकोमुलासह बोस्नियाच्या डोंगरात येतो. पर्यटकांसाठी रेल्वे उभारायची त्याची स्वप्नं चालू असतात आणि युद्ध दारात येऊन ठेपलंय हे त्याला दिसतच नाही. प्रेमभंगाने खचलेलं एक गाढव रुळांवर उभं राहून गाडीची वाट बघत असतं. या चित्रपटाचं शूटिंग इथे चालू होतं. समोरच्या टेकडीवर उन्हाचा पट्टा पडलेला दिसला आणि तिथेच गाव वसवायचं ठरलं, असं कुस्तुरित्सा सांगतो. त्याचं दुसरं म्हणणं जास्त खरं वाटतं: युद्धात मी माझं शहर गमावलं, म्हणून मला स्वतःचं गाव हवं होतं. तो सर्बियाच्या बाजूने गेला म्हणून सारायेवो त्याच्यावर रागावलेलं आहे आणि तो सारायेवोवर. दोन्ही बाजूंनी दार लागलंय.

घरं मात्र सेट नाहीत, हे पहिल्यांदा नवऱ्याच्या लक्षात आलं. याचं आयुष्य रेल्वेच्या रुळांच्या देखभालीत गेलंय, त्यामुळे लाकूड दिसलं की हात लावल्याशिवाय राहवत नाही. भिंतींचे ओंडके कोपऱ्यात एकमेकांत कसे खाचवून बसवलेत, खालचं दगडी जोतं कसं आहे, हे तो उकिडवा बसून बघत होता. “अगं, हे जुनं लाकूड आहे. हे बघ, कुऱ्हाडीने तासल्याच्या खुणा.” या प्रकारच्या घराला इथे ‘ब्र्वनारा’ म्हणतात. आसपासच्या डोंगरातली अशी जुनी घरं सोडवून, आणून, इथे पुन्हा उभी केलीत. या कामाला २००५मध्ये फिलिप रोटिए युरोपीय वास्तुकला पुरस्कारही मिळाला. मला मात्र ‘जिप्सींचा काळ’मधलं घर आठवलं. १९८८चा तो चित्रपट, ज्यासाठी कुस्तुरित्साला कानला दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं. जुगारात हरून संतापलेला काका भर पावसात अख्खं घर दोराने वर उचलतो, आणि आजी, नातवंडं खाली चिखलात उघडी पडून घराकडे बघत राहतात. घर जागचं हलू शकतं, हे या दिग्दर्शकाला विमानतळावरच्या निर्वासितांची चित्रं टीव्हीवर येण्याच्या कितीतरी आधी माहीत होतं.

आमची खोली साधी होती. लाकडी पलंग, लाकडी जमीन, जाड पांघरुणं, छोट्या चौकटीतून दरी. गुडघे दुखणाऱ्यांनी खोली घेतानाच खालच्या बाजूची मागावी, कारण गाव टेकडीच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी बसवलंय आणि नाश्त्यालाही चढउतार चुकत नाही.

आता रस्ते. मुख्य चौक निकोला टेस्लाचा. शंभर दिनारच्या नोटेवर टेस्लाच असल्यामुळे टेस्लाच्या चौकात टेस्ला देऊन कॉफी घेण्याची गंमत मी केली. (युरोला साधारण ११७ दिनार मिळतात, हिशेब सोपा आहे.) मग एक गल्ली कादंबरीकार ईवो आंद्रिचची, एक दिएगो मॅराडोनाची, एक चे गव्हेराची, एक फेलिनीची, एक बर्गमनची, एक जोकोविचची. चौकाच्या टोकाला संत सावाचं इवलंसं लाकडी चर्च. जमिनीखाली चित्रपटगृह आहे आणि त्याला नाव स्टॅन्ली कुब्रिकचं. जॉनी डेपचा ब्राँझचा पुतळा आहे. २०१०च्या जानेवारीत तो स्वतः इथे आला होता तेव्हा बसवलेला. दोघांनी ‘ॲरिझोना ड्रीम’ एकत्र केला होता. एक तुरुंगसुद्धा आहे. त्याच्या दाराआड जॉर्ज बुश आणि हाविएर सोलाना रंगवलेत. १९९९मध्ये नाटोने सर्बियावर ७८ दिवस बॉम्ब टाकले तेव्हा सोलाना नाटोचे सरचिटणीस होते, हे लक्षात घेतलं की विनोदाच्या आतला राग दिसतो.

ही नावं वाचत हिंडताना मला आधी हसू आलं, मग जरा चीडही. मॅराडोनावर त्याने २००८मध्ये माहितीपट केला, ठीक. पण चर्च, चे गव्हेरा, टेस्ला आणि टेनिसपटू हे सगळे एका चौकात कशाच्या जोरावर नांदतात? एकाच माणसाला ते आवडतात, या जोरावर. दुसरा दुवा नाही. गल्लीला नाव द्यायला इथे नगरपालिका बसत नाही, ठराव होत नाही. आणि हा मुलगा वाढला कुठे? जिथे घरात जेवणाच्या टेबलावरसुद्धा ठराव होत, अशा जगात. ‘डॉली बेल’मधला बाप कुटुंबाची रीतसर सभा भरवतो, इतिवृत्त लिहून घेतो, साम्यवाद कधी येणार याची तारीख पोरांना सांगतो. त्या बापाचं घर एका खोलीचं, सरकारी फ्लॅटच्या यादीत नंबर लागायची वाट बघणारं. त्या चित्रपटाकडून थेट इथे आलात तर अंतर जाणवतं.

ते दोन सुरुवातीचे चित्रपट मला आजही सगळ्यात प्रिय आहेत आणि दोन्ही लिहिले होते अब्दुल्ला सिद्रान या सारायेवोच्या कवीने. दुसरा, ‘बाबा कामानिमित्त परगावी’, १९८५चा कानविजेता. युगोस्लाव्हियाचा टिटो आणि सोव्हिएत रशियाचा स्टॅलिन यांचं १९४८मध्ये फाटलं, त्यानंतरच्या भयाच्या दिवसांतली गोष्ट. वर्तमानपत्रातल्या एका व्यंगचित्रावर बाप सहज काहीतरी बोलून जातो, ते वर पोचतं, आणि त्याची रवानगी सक्तमजुरीला होते. पोराला सांगितलं जातं, बाबा कामानिमित्त बाहेरगावी गेलेत. पोरगं झोपेत चालतं. राजकारण पोराच्या उंचीवरून दाखवलंय, कॅमेराही तेवढाच खाली. यात त्याच्या पुढच्या चित्रपटांसारख्या उडणाऱ्या नवऱ्या नाहीत, बदकं नाहीत, ब्रास बँडचा दणका नाही. पुढे कुस्तुरित्साने तो दणका इतका वाढवला की ‘काळी मांजर, पांढरा बोका’मध्ये (१९९८, व्हेनिसला दिग्दर्शनाचा रौप्यसिंह) श्वास घ्यायला जागा उरत नाही. मजा येते, पण मला तरी त्या गोंगाटात सिद्रानची कुजबुज आठवते. सिद्रान सारायेवोतच राहिले, युद्धात शहराला पडलेल्या वेढ्यातही. दोघांच्या वाटा कायमच्या वेगळ्या झाल्या.

‘अंडरग्राउंड’वर बोलल्याशिवाय या गावाचं परीक्षण पुरं होत नाही. दुसऱ्या महायुद्धात तळघरात लपवलेल्या माणसांना वरचा मित्र वीस वर्षं सांगत राहतो की युद्ध चालूच आहे, आणि त्यांच्याकडून बंदुका बनवून घेतो. १९९५मध्ये, बोस्नियातलं युद्ध संपायच्या आधीच, या चित्रपटाला पाम द’ऑर मिळालं आणि फ्रान्समध्ये वादळ उठलं. आलँ फिंकेलक्रो या विचारवंताने ‘ल माँद’मध्ये त्याला सर्बियन प्रचार ठरवलं, तेही चित्रपट न बघता. कुस्तुरित्साने वैतागून चित्रपट करणंच सोडल्याचं जाहीर केलं. सोडले नाहीत, हा वेगळा भाग. मी तो चित्रपट पुन्हापुन्हा पाहिलाय आणि माझं मत दरवेळी थोडं हलतं. पण शेवट ठाम आहे. नदीकाठी लग्नाची पंगत बसलीय, मेलेले सगळे परत आलेत, बँड वाजतोय, आणि जमिनीचा तो तुकडा हलकेच तुटून पाण्यावर वाहत निघतो. कुणाला पत्ताच नाही. द्र्वेनग्रादच्या चौकात संध्याकाळी बसले तेव्हा मला वाटलं, याने तो तुकडा पकडून आणून या टेकडीवर ठेवलाय. संगीत तेच, ब्रँडी तीच, भोवतालचा देश गायब. म्हणून माझे तीन तारे. आणि वजा झालेला दीड ताराही त्याचमुळे, कारण त्या तुकड्यावर आता नकार देणारं कुणी उरलं नाहीये.

पोटाचं. शाकाहारी मंडळींनी एक शब्द पाठ करून जावा: ‘पोस्नो’. ऑर्थोडॉक्स लोकांचे उपास असतात आणि त्यात मांस, दूध, अंडं काही चालत नाही, त्यामुळे उपासाचं काय आहे विचारलं की स्वयंपाकघराला बरोबर कळतं. फक्त मासा उपासाला बऱ्याचदा चालतो, तेव्हा तेवढं वेगळं बजावा. मला ‘प्रेब्रानात्स’ मिळालं: पांढरा मोठा घेवडा, भरपूर कांदा, लाल मिरचीची पूड, मातीच्या भांड्यात भट्टीत भाजलेला. वरचा थर करपट, आत मऊ. त्याच्यासोबत भाजलेल्या लाल मिरचीची ‘आय्वार’ आणि गरम पाव. एवढ्यावर मी खूश होते. ज्यांना दूध चालतं त्यांनी ‘काचामाक’ घ्यावा. मक्याचं पीठ शिजवून घोटलेलं, वर ‘काय्माक’, म्हणजे दुधावरची साय साठवून किंचित आंबवलेली. पिठल्यासारखाच हाही गरम असतानाच खावा. निवला की घट्ट बसतो आणि मजा जाते. उझित्सेची ‘कोम्प्लेट लेपिन्या’ मात्र शाकाहारी समजून मागवू नका. दिसतो साधा पाव, आत काय्माक आणि अंडं, पण वरून ओततात ती भाजलेल्या मांसाची चरबी असते. नवऱ्याने ती खाल्ली आणि दुपारच्या जेवणाचं नाव काढलं नाही.

कोकाकोला मागू नका, मिळत नाही. जागतिकीकरणाला विरोध म्हणून मालकाने बंदी घातलीय आणि त्याऐवजी इथली फळांची सरबतं मिळतात. ब्रँडचं नाव ‘बायो-रेव्होलुत्सिया’. क्रांतीची बाटली बिलावर येते, हे ओघाने आलंच. रास्पबेरीचं सरबत उत्तम होतं, दाट, साखरेचा मारा नसलेलं. आलुबुखाराची ब्रँडी, ‘श्लिवोवित्सा’, छोट्या मानेच्या काचपात्रात येते आणि ती घुटक्याघुटक्याने घ्यायची असते. एका दमात घेणाऱ्या पाहुण्याकडे वेटर दयेने बघतो.

भेटवस्तूंच्या दुकानात त्याची पुस्तकं दिसतात. आत्मचरित्र २०१०चं: ‘मृत्यू ही खातरजमा न झालेली अफवा’. मी ते अनुवादात वाचलंय. सारायेवोतलं लहानपण, गोरित्साच्या चढावरची टवाळ पोरं, बापाचं पिणं आणि बापाचं बोलणं, हा भाग इतका जिवंत आहे की वाटतं हा माणूस मुळात लेखकच, कॅमेरा नंतर हाती आला. पुढे मात्र जुने हिशेब चुकते करण्यात पानं जातात. २०१३चा ‘शंभर दुःखं’ हा कथासंग्रह त्याहून घट्ट आहे. तिथे त्याला स्वतःचा बचाव करायचा नसतो, गोष्ट सांगायची असते. जिथे मुलगा बापाकडे बघतो तिथे त्याचं गद्य बांधीव होतं, आणि जिथे तो जगाला सुनावतो तिथे सैल. चित्रपटांचंही तेच नाही का? अलीकडची कादंबरी पीटर हांडके या नोबेलविजेत्या लेखकाभोवती फिरते, ती अजून माझ्या हाती लागलेली नाही.

आता तो अर्धा तारा. ‘शार्गान आठ’, म्हणजे टेकडीखालच्या मोक्रा गोरा स्टेशनातून सुटणारी छोटी गाडी. लोक तिला लाडाने ‘चिरा’ म्हणतात. सारायेवो आणि बेलग्रेड यांना जोडणाऱ्या जुन्या अरुंद मार्गाचा हा सगळ्यात अवघड तुकडा, १९२५मध्ये पूर्ण झालेला. १९७४ला बंद पडला, रूळ उखडले गेले, आणि १९९९पासून चार वर्षांत पुन्हा टाकले. मोक्रा गोरापासून शार्गान वितासीपर्यंत १५.४ किलोमीटर, २२ बोगदे, आणि चढ ३०० मीटरचा. सरळ चढणं शक्य नाही म्हणून मार्ग डोंगरात इंग्रजी आठच्या आकड्यासारखा स्वतःवरूनच वळसा घेतो. खिडकीतून खाली बघावं तर मघाशी गेलो तोच रूळ. बोगद्यात शिरलो की डावीकडची दरी बाहेर पडताना उजवीकडे गेलेली असते. डब्यातली लहान मुलं दर बोगद्याला किंचाळत होती आणि आमचे हे गृहस्थ बोगदे बोटांवर मोजत होते. “७६० मिलिमीटर गेज. आपला नॅरो गेज ७६२चा. दोन मिलिमीटर, अगं, फक्त दोन!” त्यांच्या डोळ्यात पाणी यायचं तेवढं बाकी होतं. परतीला यातारे स्टेशनावर गाडी थांबते, तिथे उतरून त्यांनी स्लीपरचे खिळे तपासले आणि पास केले. गोलुबिची नावाचं स्टेशनही दिसतं. ते रेल्वेने बांधलेलं नाही, चित्रपटासाठी बांधलं आणि मग मार्गावर राहूनच गेलं. लुका इंजिनिअरला पर्यटकांची रेल्वे हवी होती. त्याच्या चित्रपटाचं नाव ऐकून आलेले पर्यटकच आज तिची तिकिटं काढतात.

दुसरं गाव आंद्रिचग्राद. विशेग्रादला, बोस्नियाच्या हद्दीत, ईवो आंद्रिचच्या (नोबेल १९६१) नावाने. तिथे दगड वापरलाय, लाकूड नाही. २८ जून २०१४ला उद्घाटन झालं. जवळच द्रिना नदीवरचा अकरा कमानींचा, सोळाव्या शतकातला पूल, ज्याच्यावर आंद्रिचने कादंबरी लिहिली. पूल बघावाच. पण १९९२मध्ये विशेग्रादमध्ये बोस्नियाक, म्हणजे बोस्नियन मुस्लिम, नागरिकांचं हत्याकांड झालं, याच पुलावरून माणसं मारून नदीत टाकली गेली, आणि त्याबद्दल हेगच्या न्यायालयाने जन्मठेपही दिली. हे ठाऊक असून नवंकोरं ‘जुनं’ शहर बघत कॉफी पिणं मला जमलं नाही. द्र्वेनग्राद एका माणसाची हौस आहे, तिथे कुणाच्या जखमेवर बांधकाम झालेलं नाही. आंद्रिचग्रादबद्दल मला तसं म्हणता येत नाही. चाहत्यांना राग येईल, येऊ दे.

कागदपत्रांचं: भारतीय पासपोर्टवर सर्बियाला काही वर्षं व्हिसा लागत नव्हता, २०२३पासून पुन्हा लागतो. वैध शेंगेन, ब्रिटिश किंवा अमेरिकी व्हिसा असेल तर सूट आहे, तरी निघण्यापूर्वी ताजे नियम बघून घ्या. विशेग्रादला जायचं तर बोस्नियाचे नियम वेगळे.

कधी जावं हे तुम्ही कशासाठी जाताय त्यावर. गाडीसाठी जाणार असाल तर उन्हाळ्याच्या हंगामात, थंडीत तिच्या फेऱ्या कमी होतात. सिनेमासाठी जाणार असाल तर जानेवारीत ‘कुस्टेनडॉर्फ’ महोत्सव असतो, २००८पासून चालू आहे. लाल गालिचा नाही, विद्यार्थ्यांचे लघुपट मुख्य स्पर्धेत, बक्षीस म्हणून सोन्याचं, चांदीचं, ब्राँझचं अंडं. पहिल्याच वर्षी ब्रूस विलिसच्या ‘डाय हार्ड’ मालिकेतल्या एका चित्रपटाची रिळं इथे वाजतगाजत पुरली होती. त्या आठवड्यात गाव पाहुण्यांनी भरलेलं असतं, खोलीची चौकशी कितीतरी आधीपासून करा, आणि बर्फातल्या पायऱ्यांसाठी चांगली पकड असलेले बूट न्या. निघण्याआधी निदान ‘बाबा कामानिमित्त परगावी’ आणि ‘अंडरग्राउंड’ बघा, याच क्रमाने. वेळ असेल तर ‘आयुष्य एक चमत्कार’ही, म्हणजे गाढव दिसलं की शेजारच्याला कोपर मारता येईल.